पंख्याविना थंडावा

झालमन या कोरियन कंपनीचा ‘रिझरेटर’, म्हणजे संगणक पाण्याने थंड ठेवणारा निळ्या ॲल्युमिनियमचा तो उंच मनोरा, ज्यांच्या संगणकाशेजारी अजून उभा आहे त्यांनी तो भंगारात काढू नये, असं मला मनापासून वाटतं. पोटात अडीच लिटर पाणी, आतच पंप, बाहेर उभ्या पात्या. पंखा एकही नाही. पेंटियम ४ च्या काळातली शंभरेक वॉट उष्णता तो मुकाट्याने हवेत सोडून देई. आज एकट्या आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्डाला ४५० वॉट लागतात. आपोआप वर चढणाऱ्या गरम हवेवर ते भागत नाही. नव्या यंत्राला तांब्या-पितळेचा मोठा रेडिएटर घ्या आणि त्यावरचे पंखे अगदी मंद फिरवा, शांतता फारशी ढळत नाही. मनोरा मात्र जुन्याच संगणकाकडे राहू द्या, नव्या रेडिएटरशी जोडू नका. ॲल्युमिनियम आणि तांबं एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजतं (गंजरोधकाने हे लांबतं, टळत नाही) आणि सुटलेला गाळ वॉटर ब्लॉकच्या, म्हणजे चिपवर बसणाऱ्या ठोकळ्याच्या, बारीक खाचांत अडकतो. जुन्या नळ्या, कडक झालेल्या ओ-रिंगाही बदला, आणि मदरबोर्डला वीज न देता नुसता पंप रात्रभर चालवून गळती तपासा.