पैसा दिला, आता तास द्या

१ ऑगस्टला लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यांना हार पडतात, शाळाशाळांतून भाषणे होतात आणि शेंगांच्या टरफलांची गोष्ट आणखी एका पिढीला पाठ होते. तळेगाव दाभाड्यात या दिवशी खरे तर वेगळी गोष्ट सांगायला हवी. ती काचेची आहे.

रुपयाचे चौसष्ट पैसे होते, तेव्हाची ही गोष्ट. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत, ही कल्पना घेऊन अंताजी दामोदर काळे गावोगाव हिंडले. टिळकांनी त्यांना बळ दिले. १९०८ मध्ये या पैसा फंडातून तळेगावात काचेचा कारखाना निघाला. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेण्यात आले, तरी तळेगावची भट्टी विझली नाही. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे उत्तरेकडचे गृहस्थ ती सांभाळत होते. पैसा मराठी माणसांचा, विद्या परदेशातून आणलेली, तज्ज्ञ संयुक्त प्रांतातला आणि गाव मावळातले. इतक्या दूरदूरची माणसे एका कामासाठी एकत्र आली, हेच मुळात नवल.

त्याआधीचे अनेक देशी काच कारखाने बुडाले होते. फुंकणी धरणारे कारागीर परदेशातून आणायचे, त्यांचे भरमसाट पगार भरायचे, आणि ते परत गेले की त्यांची विद्याही त्यांच्याबरोबर जायची. तळेगावात कारखाना हीच शाळा झाली. मुले भट्टीपाशी उभी राहून काम शिकली आणि शिकून इतर प्रांतांतल्या कारखान्यांत गेली. दुकानदारी हिशेबाने हा तोटाच, कारण हात तयार झाला की तो दुसऱ्याच्या कामी लागायचा. पण फंडाचा हिशेब एका कारखान्याचा नव्हताच. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-जर्मनीची काच यायची थांबली, तेव्हा देशातल्या भट्ट्यांना अशा तयार हातांचीच गरज पडली. वार्ष्णेय स्वतःही पुढे उत्तरेत गेले आणि बहजोईचा काच कारखाना त्यांनी उभारला.

याच काळात याच गावात प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय होते. सरकारने ते १९१० मध्ये बंद पाडले. पण तिथल्या माणसांनी एकमेकांची साथ सोडली नाही, म्हणून पुढे तळेगावात नवीन समर्थ विद्यालय उभे राहू शकले.

या सगळ्याला आज ‘नेटवर्किंग’ म्हणतात. शब्द ऐकला की हॉटेलातला मेळावा, हातातली व्हिजिटिंग कार्डे आणि ओढूनताणून हसणारे चेहरे डोळ्यांसमोर येतात. आपल्या मध्यमवर्गाला तर ओळख आणि वशिला यांत फरकच वाटत नाही. त्यामुळे सज्जन माणूस ओळख काढायलाच संकोचतो. फरक मात्र मोठा आहे. वशिल्याने एकाला जागा मिळते ती दुसऱ्याची जागा जाऊन. ओळखीने माहिती मिळते, आणि माहिती एकाला दिली म्हणून दुसऱ्यासाठी कमी पडत नाही.

मावळात आज याच माहितीचा दुष्काळ आहे. जमिनी गेल्या, द्रुतगती मार्ग आला, एमआयडीसी आली. पण ज्यांच्या जमिनी गेल्या त्या घरांतल्या कितीतरी मुलांच्या वाट्याला कंत्राटी हेल्परकीच आली. २०२० च्या अखेरीस जनरल मोटर्सचा इथला कारखाना थांबला, तेव्हा गेटाबाहेर कोणाची ओळख आहे आणि कोणाची नाही, याला एकदम महत्त्व आले. पुढे ह्युंदाईने तो कारखाना घेतला; पण मधल्या काळातले घरभाडे आणि कर्जाचे हप्ते कोणासाठी थांबत नाहीत.

हुशार मुलांचीही स्थिती फार वेगळी नाही. रसायनशास्त्रात पदवी घेणाऱ्या मावळातल्या मुलीला पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आहे, हे पुस्तकातून ठाऊक असते. तिथे शिरायचे कसे, अर्ज कधी करायचा, प्रकल्पासाठी कोणाला लिहायचे, हे सांगणारे मात्र घरात कोणी नसते. लोकलने तासाभराचे अंतर तिला परदेशाइतके लांब पडते. मग मिळेल ती नोकरी. तिचे नुकसान होतेच; पण पाणी, औषधे, साथीचे रोग अशा हजारोंच्या जगण्याशी जोडलेल्या कामांतला एक चांगला हातही कमी होतो.

आणि सांगणारी माणसे तर इथेच राहतात. मुंबई-पुण्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन हवेसाठी तळेगावात स्थायिक झालेले अभियंते, डॉक्टर, बँकवाले सकाळी फिरायला निघालेले रोज दिसतात. त्यांच्याकडे देणगी मागू नये. वर्षाला एक तास मागावा. नगरपरिषदेची एखादी खोली किंवा महाविद्यालयाचा एखादा वर्ग रविवारी उघडा ठेवावा. ज्याने ज्या क्षेत्रात आयुष्य काढले, त्याने तिथला रस्ता सांगावा, आपल्या चुकाही सांगाव्यात, आणि उठण्यापूर्वी पुढच्या एका माणसाचे नाव द्यावे. अट एकच, आणि ती भट्टीपाशी शिकलेल्या मुलांनी घालून दिलेली: जो इथून शिकून जाईल त्याने पुढे जिथे असेल तिथे कोणाला तरी शिकवावे.

पैसा फंडात एक पैसा देणाऱ्याला आपल्या पैशाची काच कोणती, हे कधी कळले नाही. तरी लोकांनी तो दिला. घड्याळातला एक तास त्याहून महाग नाही.