आयआयटी पाठ आहे, कानविंदे माहीत आहेत का?

दहावीचा निकाल लागला की आपल्या जिल्ह्यात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. पोराला लातूरला ठेवायचं की कोट्याला? पोरीला नीट द्यायला लावायची की जेईई? मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर ही आयआयटींची नावं पोरं एका दमात सांगतात. कुठल्या शाखेचा कटऑफ कुठे थांबला हेही पाठ असतं. पण ज्या आयआयटी कानपूरचं स्वप्न बघत ही पोरं रात्री जागतात, तो कॅम्पस उभा कुणी केला, असं विचारलं तर वर्ग गप्प!

तो उभा केला एका मराठी माणसानं. नाव अच्युत पुरुषोत्तम कानविंदे. जन्म 1916 चा, कोकणातल्या आचऱ्याचा. वडील चित्रकार. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून वास्तुकलेचं शिक्षण घेतलं आणि मग सरकारी शिष्यवृत्तीवर 1945 मध्ये थेट अमेरिकेतलं हार्वर्ड गाठलं. तिथे शिकवायला होते वॉल्टर ग्रोपियस. जर्मनीत 1919 मध्ये 'बाउहाउस' ही शाळा काढणारे हेच ते. वस्तू खुर्ची असो, दिवा असो की अख्खी इमारत, ती कशासाठी आहे हे आधी समजून घ्या आणि मगच तिला आकार द्या, हा या शाळेचा धडा. आज आपण ज्याला 'मॉडर्न डिझाइन' म्हणतो, त्याची बरीचशी मुळं तिथे सापडतात.

कानविंदे परत आले ते 1947 मध्ये. देश नुकताच स्वतंत्र झालेला. प्रयोगशाळा हव्या होत्या, विद्यापीठं हवी होती, कारखाने हवे होते. हे सगळं नव्यानं बांधायचं होतं आणि हातात पैसा बेताचा होता. ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे मुख्य वास्तुरचनाकार होते. अहमदाबादची 'अटिरा' ही कापड संशोधन संस्था त्यांनी घडवली. पुढे 1955 मध्ये शौकत राय या अभियंत्याबरोबर दिल्लीत स्वतःचं ऑफिस थाटलं. आयआयटी कानपूर, मेहसाण्याची दूधसागर डेअरी ही याच ऑफिसची कामं. शाळेच्या सहलीत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र पाहिलं असेल, तर कानविंदेंच्या इमारतीत तुम्हीही फिरून आला आहात. सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. 2002 मध्ये ते गेले.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण बीडच्या पोरांना याचं काय?

सांगतो. कानपूरचा उन्हाळा आठवा. मे महिन्यात तिथे 'लू' वाहते, अंग भाजून काढते. अशा ठिकाणी हजारो पोरं रोज हॉस्टेलमधून वर्गात, वर्गातून लायब्ररीत, लायब्ररीतून प्रयोगशाळेत चालत जाणार. कानविंदेंनी आराखडा काढताना हे चालणं धरून विचार केला. गाड्यांचे रस्ते बाहेरच्या बाजूला ठेवले. आत फक्त पायी चालणाऱ्यांच्या वाटा, त्याही छताखालून, एका इमारतीतून दुसरीत नेणाऱ्या. मध्ये मोकळे चौक, झाडं, पाणी. विटा आणि काँक्रीट जसंच्या तसं दिसू दिलं, वरून गुळगुळीत सजावट नाही. दूधसागर डेअरीत अडचण वेगळी होती. यंत्रांची उष्णता आणि वाफ आत कोंडू द्यायची नव्हती. गरम हवा वर जाते, हे तर आपण सहावी-सातवीच्या विज्ञानात शिकतो. कानविंदेंनी तेच वापरून इमारतीच्या डोक्यावर हवा बाहेर काढणारे उंच झोत उभे केले. आज त्या डेअरीची ओळखच ते झोत आहेत. म्हणजे आधी गरज आली, आकार तिच्या मागून आला.

आता आपल्याकडे बघा. शहरात गल्लोगल्ली अभ्यासिका निघाल्या आहेत. एमपीएससीची, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं दिवसाचे बारा-बारा तास तिथे बसतात. कित्येक ठिकाणी वर पत्रे, खाली एकाला एक चिकटलेले प्लायवूडचे कप्पे, खिडकी असलीच तर एका बाजूला. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता तिथे बसून राज्यघटनेचं कलम डोक्यात शिरेल कसं? मग पंखा वाढवायचा, कूलर लावायचा, त्याला पाणी आणायचं आणि ते पाणीही टँकरचं. चूक आराखड्यात असते आणि तिचं बिल वीज अन् पाण्यात फाटतं.

घरकुलांचंही तेच. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 चौरस फूट. सपाट भागात त्यासाठी 1 लाख 20 हजार रुपये अनुदान ठरलेलं. एवढ्या पैशात महाल होणार नाही, मान्य. पण दार कुठल्या दिशेला, खिडक्या समोरासमोर आहेत का, मावळतीच्या भिंतीवर दुपारचं ऊन थेट पडतंय का, या प्रश्नांना पैसे लागत नाहीत. ते फक्त कुणीतरी वेळेत, म्हणजे पाया आखायच्या आधी, विचारावे लागतात. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब सहा महिने पाचटाच्या कोपीत काढून गावी येतं, तेव्हा त्याला मिळणारं पक्कं घर उन्हाळ्यात भट्टीसारखं तापत असेल, तर त्या पक्केपणाचा उपयोग काय?

इथे कुणी तरी म्हणेलच, 'आमच्या आजोबांचं माळवद बरं होतं, आत गार वाटायचं.' खरं आहे. जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर, छताला झरोका. या मुलखाच्या उन्हाला ते उत्तर चोख होतं. पण 30 सप्टेंबर 1993 ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादच्या गावांत माणसं गेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जड दगडी भिंती आणि माळवदं अंगावर कोसळून. त्यानंतर लोक स्लॅबकडे, पत्र्याकडे वळले, यात नवल नाही. त्यामुळे 'जुनं ते सोनं' म्हणून भागत नाही. 'शहरासारखं दिसलं पाहिजे' म्हणून समोर काचा लावूनही भागत नाही. जुन्या घराचा गारवा आणि नव्या घराची मजबुती एकत्र कशी आणायची, हा आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे. कानविंदेंच्या पिढीनं आपल्या काळात असाच प्रश्न सोडवायला घेतला होता. परदेशातलं तंत्र शिकायचं, पण ऊन इथलं आहे हे विसरायचं नाही.

त्यांचं सगळंच जमलं, असंही नाही. उघडं काँक्रीट आपल्या पावसात काळवंडतं, तडे गेले की गळतं, निगा राखली नाही तर भकास दिसतं. अशा इमारती अनेकांना आवडत नाहीत, आणि न आवडायला हरकत नाही. पण आवडत नाही म्हणून पाडून टाकायचं, ही घाई बरी नव्हे. दिल्लीच्या प्रगती मैदानातला 'हॉल ऑफ नेशन्स' राज रेवल यांनी 1972 मध्ये उभारला होता. एप्रिल 2017 मध्ये तो रातोरात पाडला गेला. किल्ले आणि लेणी सांभाळायच्या असतात, हे आपल्याला पटलं आहे. स्वतंत्र भारतानं स्वतःच्या हिमतीवर बांधलेलंही सांभाळायचं असतं, हे अजून पटायचं आहे.

बीडला तरी हे पटायला जड जाऊ नये. आपल्या शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. ती बांधून घेणाऱ्या सलाबत खानाबरोबरच ती रचणाऱ्या राजा भास्करचं नावही आपल्याकडे सांगितलं जातं. चारशे वर्षांहून जास्त काळ एका रचनाकाराचं नाव टिकवणारं हे गाव आहे! आज मात्र कुठल्याही नव्या इमारतीची कोनशिला वाचा. उद्घाटक, प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, सन्माननीय सदस्य... सगळे असतात. आराखडा कुणी केला, ते नाव सापडत नाही. ज्याचं नावच लागणार नाही, त्याला गळक्या छताचा जाब तरी कोण विचारणार? म्हणून आमची एक साधी मागणी आहे. जिल्ह्यात सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शाळेच्या, दवाखान्याच्या, वसतिगृहाच्या कोनशिलेवर वास्तुरचनाकाराचं नाव लिहा.

आणि मित्रांनो, दुसरी गोष्ट तुमच्यासाठी. बारावी सायन्स म्हणजे डॉक्टर नाही तर इंजिनिअर, ही दोनच दारं नाहीत. बी.आर्क. हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. 'नाटा' किंवा जेईई मेनचा वास्तुकलेचा पेपर देऊन तिथे जाता येतं. गणित लागतं, हात लागतो, आणि सगळ्यात जास्त लागते ती बघायची सवय. दुष्काळ, टँकर, पत्र्याखालची दुपार हे सगळं अंगावर घेतलेली पोरं या पेशात गेली, तर ती कागदावर काढतील ते घर वेगळं असेल.

तिकडे जायचं नसेल तरी बघायची सवय लावून घ्याच. घरी बांधकाम निघालं की मिस्त्रीला चार प्रश्न विचारा. मावळतीचं ऊन कुठून येणार? वारा एका खिडकीतून आला तर बाहेर कुठून जाणार? कोंडलेली गरम हवा वरून निघायला झरोका कुठे ठेवला? पावसाचं पाणी गच्चीवरून कुठे उतरणार? मिस्त्री आधी हसेल. 'लई शिकलास का रे,' म्हणेल. हसू द्या. स्लॅब पडायच्या आधी विचारलेल्या प्रश्नानं फार तर अर्धा दिवस जातो. न विचारलेला प्रश्न मात्र पुढची तीस वर्षं डोक्यावर तापत राहतो.