गॅरेज-गप्पा : दोन घराण्यांची सोयरीक

गेल्या अंकातला ब्रेकवरचा लेख वाचून बऱ्याच वाचकांचे फोन आले, त्याबद्दल आभार. त्यात मंडळातल्या एका स्नेह्यांचा प्रश्न असा : "चिरंजीवांनी १९७४ सालची एमजीबी आणून गॅरेजमध्ये उभी केली आहे. तिच्यात ब्यूइकचं आठ सिलिंडरचं इंजिन आणि फोर्ड मस्टँगचा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवायचा म्हणतो. आता मधला क्लच कुणाचा घ्यायचा?"

प्रश्न साधा वाटतो, पण अशा कामात पैसे आणि शनिवार-रविवार वाया जातात ते नेमके इथेच. म्हणून हे सदर या वेळी क्लचसाठी राखून ठेवलंय.

अशी सोयरीक फक्त हौशी मंडळीच जुळवतात असं नाही. मुंबईच्या प्रीमियर कंपनीने १९८५ साली ११८ एनई काढली ती आठवते? अंगकाठी फियाट १२४ ची आणि आत निस्सानचं इंजिन! आपली अँबॅसॅडरसुद्धा पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन घालून आली. फरक इतकाच की तिथे जुळवाजुळव कारखान्यातल्या इंजिनिअरांनी केली, इथे ती आपल्यालाच करायची आहे.

त्यात ब्यूइकचं हे इंजिन तर आपल्यासारखंच परदेशवारी केलेलं. २१५ घन इंचांचं, म्हणजे साडेतीन लिटरचं हे अॅल्युमिनियमचं इंजिन अमेरिकेत १९६१ ते १९६३ एवढंच चाललं. १९६५ साली रोव्हरने त्याचे हक्क घेतले आणि इंग्लंडात त्याने तीन दशकांहून जास्त संसार केला. १९७३ ते १९७६ या काळात खुद्द एमजीने ते आपल्या २,५९१ गाड्यांत बसवलं, पण त्या गाड्या अमेरिकेत विकल्या नाहीत. म्हणून इथले हौशी लोक ते स्वतःच बसवतात. अॅल्युमिनियममुळे वजन फारसं वाढत नाही, हा मोठा फायदा.

आता मूळ प्रश्न. क्लच कुणाचा? उत्तर : अर्धा इंजिनाकडचा, अर्धा गिअरबॉक्सकडचा. फ्लायव्हील आणि त्यावर बोल्टने बसणारी प्रेशर प्लेट ही इंजिनाची माणसं. मधली क्लच प्लेट मात्र दोन्ही घरची. तिचा बाहेरचा व्यास प्रेशर प्लेटला जुळला पाहिजे आणि मधल्या हबच्या खाचा गिअरबॉक्सच्या शाफ्टला. १९८३ ते १९९३ च्या आठ सिलिंडरच्या मस्टँगमधल्या टी-५ गिअरबॉक्सच्या शाफ्टला १० खाचा असतात आणि व्यास १ पूर्णांक १/१६ इंच. तोच टी-५ त्या काळातल्या आठ सिलिंडरच्या कॅमॅरोमधून काढला तर खाचा २६ आणि व्यास १ पूर्णांक १/८ इंच! नाव एक, पण खाचा वेगळ्या. तेव्हा नुसतं "टी-५ ची प्लेट द्या" असं काउंटरवर सांगू नये. खाचा मोजाव्यात, व्हर्नियर लावावा, मगच ऑर्डर द्यावी. प्लेट आली की ती फ्लायव्हीलवर धरून हाताने फिरवून पाहा. हबमधल्या स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासत असतील तर ती प्लेट उपयोगाची नाही.

दुसरी गोष्ट पायलट बुशची. शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या भोकातल्या या छोट्या बुशमध्ये टेकतं. मस्टँगच्या शाफ्टचं टोक सुमारे ०.६७ इंचाचं, जनरल मोटर्सचं ०.५९ इंचाचं. म्हणजे बुश बाहेरून ब्यूइकचा आणि आतून फोर्डचा हवा. लेथ असलेला कोणीही टर्नर तेल मुरवलेल्या ब्राँझचा असा बुश करून देईल. मात्र ऑटोमॅटिक गाडीतून काढलेल्या काही इंजिनांच्या क्रँकला हे भोक पुरतं तासलेलंच नसतं. इंजिन विकत घेण्याआधीच मागून वाकून पाहावं.

तिसरी गोष्ट ताकदीची. एमजीबीचं मूळ इंजिन ११० फूट-पौंड टॉर्क द्यायचं, एमजीने बसवलेलं आठ सिलिंडरचं १९३, म्हणजे पावणेदोन पट. क्लच किती टॉर्क पेलतो याचं सूत्र आपण मशीन डिझाइनला घोकलेलंच आहे : घर्षणांक गुणिले दाब गुणिले सरासरी त्रिज्या गुणिले दोन, कारण प्लेटला दोन बाजू. समजा घर्षणांक ०.३, दाब ५,००० न्यूटन, त्रिज्या ९ सेंटिमीटर. उत्तर २७० न्यूटन-मीटर. १९३ फूट-पौंड म्हणजे २६२. पोरगं पास झालं, पण काठावर! चढावर, उन्हात, प्लेट थोडी झिजल्यावर हा क्लच घसरणारच. निदान २५ ते ३० टक्के जास्तीची ताकद हाताशी ठेवावी.

चौथी गोष्ट रिलीज बेअरिंगची. ते गिअरबॉक्सच्या नळीवर सरकतं आणि प्रेशर प्लेटच्या बोटांना दाबतं, म्हणजे त्यालाही दोन्ही घरं सांभाळायची. प्लेट झिजते तशी ही बोटं गिअरबॉक्सकडे सरकतात. बेअरिंगला मागे हटायला जागा ठेवली नाही तर पायाने न दाबताच क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि नवी प्लेट बघता बघता जळते. पेडलचंही गणित आहे. एमजीबीचा मास्टर सिलिंडर पाऊण इंचाचा. बेअरिंग पुरेसं सरकत नाही म्हणून ७/८ इंचाचा बसवला तर सरकणं ३६ टक्क्यांनी वाढतं, पण पेडलही तेवढंच जड होतं. फुकट काही मिळत नाही.

शेवटची गोष्ट बहुतेक जण टाळतात. गिअरबॉक्स जोडायला वेगळी बेल हाउसिंग किंवा अॅडॅप्टर प्लेट लागते. तिचं मधलं भोक क्रँकच्या अक्षाशी जुळतं का, हे डायल गेज लावून पाहावंच लागतं. ०.००५ इंचापर्यंतचा फरक चालतो, म्हणजे गेजवर पूर्ण फेरीत ०.०१० दिसेल. त्याहून जास्त असेल तर ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंच सरकवलेल्या डॉवेल पिना मिळतात, त्यांनी दुरुस्त करता येतं. हे तासाभराचं काम टाळलं तर गिअर अडकतात, बेअरिंगं जातात, आणि दोष मात्र बिचाऱ्या गिअरबॉक्सला लागतो.

आता थोडं घरच्या माणसासारखं बोलतो. जुन्या क्लचच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असायचं. ती धूळ हवेच्या नळीने उडवू नका, झाडूही नका. ओली करून पुसा, फडकं पिशवीत बंद करा आणि धाकट्या भावंडांना त्या दिवशी गॅरेजबाहेर ठेवा. जुनं ओतीव फ्लायव्हील तडे तपासल्याशिवाय परत लावू नका. ते बसतं चालवणाऱ्याच्या पायापासून हातभर अंतरावर. जोरात फिरताना फुटलं तर बेल हाउसिंगचा पातळ पत्रा त्याला अडवू शकत नाही. इथे चार पैसे वाचवायला जाऊ नये.

स्नेह्यांना माझा सल्ला असा : इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही गॅरेजमध्ये आल्याशिवाय क्लचचा एकही भाग मागवू नका. एका वहीत खाचा, व्यास, टोकाची जाडी, नळीचा व्यास सगळं लिहून काढा. मापं चिरंजीवांना घेऊ द्या, तुम्ही शेजारी बसून पुन्हा तपासा. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा बापाशेजारी तासभर बसतो, ही संधी रोज येत नाही.

पुढच्या अंकात याच गाडीचा प्रॉपेलर शाफ्ट आणि त्याचे कोन. तोपर्यंत प्रश्न जरूर पाठवा.