एकाच नावाची दोन बिऱ्हाडे

मुलुंडमधली आमची जुनी इमारत पाडून नवी बांधायचे ठरले आणि आम्हांला सांगण्यात आले, "वडिलांच्या नावाच्या जुन्या भाडेपावत्या आणा." वडील आज हयात नाहीत, पण माणूस मोठा टापटिपीचा! सत्तरी उलटल्यावर संगणक शिकून त्यांनी एकूण एक पावतीचे चित्र उतरवले आणि 'बिऱ्हाड' नावाच्या फोल्डरात ठेवले. मूळ पावत्या पुढे वाळवीने फस्त केल्या.

मी त्यांच्याच संगणकापुढे बसलो. त्यावर लिनक्स, आणि लिहिण्यासाठी ईमॅक्स. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली लोकांना फुकट वापरायला दिलेला हा संपादक मोठा अगत्यशील. 'कुठल्या फोल्डरात जायचे?' असे विचारतो. आपण दोन अक्षरे लिहून टॅबची कळ दाबली की उरलेले नाव तो पुरे करतो. थेट आमच्या शेजारच्या काकूंसारखा! वाक्य आपण सुरू करायचे, संपवायचे त्यांनी.

मी 'बिऱ्' लिहून टॅब दाबला. 'बिऱ्हाड' उमटले. उघडून पाहतो तो आत माझीच विजेची बिले! मीही कधीकाळी त्याच नावाचा फोल्डर केला होता खरा. पण वडिलांचा कुठे गेला? पुन्हा दाबले, पुन्हा बिलेच.

"तुम्हीच पुसला असेल," सौ. म्हणाली. तिचे असले आरोप सहसा खरे निघतात, त्यामुळे माझे धाबे दणाणले. पावत्या नसतील तर घरावर हक्क सांगायचा कशाच्या जोरावर? रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी पुन्हा बसलो. 'बि' लिहितो न लिहितो तोच दाराची घंटा वाजली आणि गडबडीत टॅब दाबला गेला. परत येऊन पाहतो तो पडद्यावर यादी: 'बिऱ्हाड', 'बिऱ्हाड'. अक्षरशः जुळे!

उलगडा मुलीने केला. 'ऱ्ह'मधला आपला मराठी अर्धा र युनिकोडात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी, साध्या 'र'चा पाय मोडून त्याला न दिसणारे जोडचिन्ह लावायचे; १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीतली ही रीत जुन्या मजकुरासाठी पुढेही चालू ठेवली आहे. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण यंत्र डोळ्यांनी वाचत नाही, आकड्यांनी वाचते. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून 'जे'ची कळ दाबली की पहिला 'ऱ' मिळतो. मी तोच लिहितो. वडिलांचा कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीचा. 'बिऱ्' लिहिताच मी त्यांच्या बिऱ्हाडाची वाट स्वतःच बंद करत होतो. 'बि'पाशी थांबलो तेव्हा दोन्ही दारे दिसली. संपादक बिचारा निर्दोष!

वाचकहो, 'कुऱ्हाड', 'तऱ्हा', 'वऱ्हाड' अशा नावांचे काही हरवले, तर शोधताना त्या अर्ध्या र च्या अलीकडेच थांबा. जास्त लिहिले की कमी सापडते!

पावत्या सगळ्या मिळाल्या. पहिली १९६१ ची, भाडे अठरा रुपये. माझ्या फोल्डराचे नाव मी आता 'वीजबिले' केले आहे. 'बिऱ्हाड' वडिलांचेच, ते त्यांच्या नावावर राहू दिले.