जस्ताचं नाणं चिंचेत टाकू नका

आटगावच्या कारखान्यांच्या पट्ट्यात माझी नोकरी गॅल्वनायझिंगमध्ये गेली. साडेचारशे अंशांवर वितळलेल्या जस्तात लोखंडी पाइप बुडवून काढायचे, हेच काम. त्यामुळे जस्ताचा स्वभाव मला ठाऊक आहे. शाळेच्या प्रदर्शनात किंवा घरच्या काचेच्या कपाटात जुनी नाणी मांडायची ठरली, की आपल्याकडे आधी चिंच भिजत पडते. तांब्याची शिवराईसुद्धा चिंचेने घासू नये, या मताचा मी आहे. पण जस्ताच्या नाण्याचं त्यात जे नुकसान होतं, ते फार मोठं असतं.

जस्ताची नाणी आपल्या भागात क्वचितच दिसतात. माझ्याकडची भाच्याने आणली. तो बोटीवर असतो. हॉलंडचे २५ सेंट आणि जर्मनीचे १० फेनिग, दोन्ही १९४२ सालचे. तांबं आणि निकेल दुसऱ्या महायुद्धाला लागत होतं, म्हणून जर्मनीने आपली आणि ताब्यातल्या देशांची चिल्लर जस्तात पाडली. त्याच युद्धात आपल्याकडे १९४३ साली भोकाचा पैसा आला आणि रुपयातली चांदी त्याआधीच निम्म्यावर आली होती. आजीच्या डब्यातला भोकाचा पैसा आणि हे करडं डच नाणं शेजारी ठेवलं, की मुलांना युद्धातली टंचाई हातात धरता येते. घासलेलं जस्त मात्र निळसर चांदीसारखं चमकतं आणि मुलं ते चांदीचंच समजतात.

करडेपणा म्हणजे मळ नव्हे. हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे जस्तावर एक घट्ट पापुद्रा बसतो आणि खालचा धातू तोच सांभाळतो. लिंबाच्या रसात नाणं टाकलं की बुडबुडे येतात. पाहणाऱ्याला वाटतं, घाण निघतेय. प्रत्यक्षात जस्त विरघळत असतं आणि हायड्रोजन वर येत असतो. त्यात आधी अक्षरांच्या कडा जातात. धुण्याचा सोडाही नको. जस्ताला आम्ल आणि अल्कली दोन्ही खातात.

पांढरी भुकटी ही खरी काळजीची गोष्ट. पावसाळ्यात पाइपांची चळत दाबून ठेवली, की मधे पाणी अडतं, हवा खेळत नाही आणि पांढरा गंज धरतो. बंद डबीत ओलसर नाण्याचं हेच होतं. भुकटी सुटी असेल तर ती मऊ कोरड्या ब्रशने झटकावी. तेलकटपणा असेल तर नाणं अॅसिटोनमध्ये बुडवून काढावं, घासू नये. पाणी लावायचंच असेल तर डिस्टिल्ड वॉटर घ्यावं आणि लगेच पूर्ण वाळवावं. याच्या पलीकडे घरी काही करू नये.

आमच्या शहापूर तालुक्यात जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात. त्यामुळे इथे साफसफाईपेक्षा साठवण महत्त्वाची. नाणं कडेने धरावं, कारण घामातलं मीठ डाग पाडतं. पीव्हीसीचे अल्बम टाळावेत आणि नव्या प्लायवुडचं कपाटही, त्यातून आम्लाची वाफ सुटते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या ओलावल्या की बदलाव्यात. जस्ताचं नाणं तांब्याच्या पैशाला चिकटवून एका बटव्यात तर अजिबात ठेवू नये. ओल लागली की जस्त स्वतः झिजतं आणि शेजारच्या धातूला वाचवतं. आमचा सगळा धंदा याच गुणावर चालला. प्रदर्शनातही दोन्ही नाणी वेगवेगळ्या खणांत मांडा, आणि अक्षरं पुसट वाटली तर शेजारी एक भिंग ठेवा.