हिरवा ठिपका जबड्यात कुठे?



बिस्किटाचा पुडा घेताना आपण आधी हिरवा ठिपका बघतो, मग चष्मा लावून मागचे घटक वाचतो. जिलेटिन दिसलं की पुडा परत फळीवर. नातवाच्या केकमध्ये अंडं नाही ना, हे बेकरीवाल्याला तीनदा विचारतो. पण दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसलं की आपण आ करून गप्प! जबड्यात काय भरताहेत, हे विचारायचं नाही. मला याचाच राग आहे.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा बारीक स्क्रू. तो हिरडीखालच्या हाडात बसवतात, साधारण तीन ते सहा महिन्यांत हाड त्याला घट्ट धरतं, मग वर कॅप. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली टायटॅनियमचे असे इम्प्लांट पहिल्यांदा रुग्णाला बसवले. (मूळ शोध सशांच्या हाडांवर प्रयोग करताना लागला, हेही लपवण्यात अर्थ नाही.) स्क्रू धातूचा, त्याची अडचण नाही. अडचण पुढे आहे. दात काढून बरेच दिवस गेले की तिथलं हाड झिजतं आणि स्क्रूला आधार पुरत नाही. मग डॉक्टर हाडाची पूड भरतात. त्याला म्हणतात 'बोन ग्राफ्ट'. ही पूड पुष्कळदा गाई-बैलांच्या हाडांपासून केलेली असते. तिच्यावर पातळ पडदा अंथरतात, तो पुष्कळदा डुकराच्या किंवा गाईच्या कोलॅजनचा. रक्त थांबवायचा स्पंज जिलेटिनचा असू शकतो. आणि टाके अनेक ठिकाणी अजून काळ्या रेशमाचे. कोशातले किडे उकळतात म्हणून जिने लग्नातली रेशमी साडीसुद्धा नेसायची सोडली, तिच्याच हिरडीत रेशीम!

मी कॉमर्सची. एस्टिमेटच्या कागदावर 'बोन ग्राफ्ट व मेम्ब्रेन' आणि पुढे हजारांत रक्कम, एवढंच असतं. कशाचं, ते नाही. असं व्हाउचर कुठल्याही ऑडिटरने परत पाठवलं असतं. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी विचारलं तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले, "आजी, ते प्रोसेस केलेलं असतं, नुसतं मिनरल राहतं." खरं आहे, भट्टीतून काढून त्यातलं मांस-चरबी सगळं घालवतात. पूड लवकर विरघळत नाही म्हणून डॉक्टरांना ती आवडते, हेही खरं. पण जिलेटिनही प्रोसेस केलेलंच असतं की! बाईंनी विचारलं होतं 'कशाचं', उत्तर मिळालं 'कसं केलं'.

आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात, औषधाला सगळं चालतं. जीव वाचवायचा प्रश्न असेल आणि दुसरा उपायच नसेल, तर मी वाद घालणार नाही. पण इथे दुसरा उपाय असतो. कृत, कारित, अनुमोदना आपण पाठशाळेत पाठ केलंय. माहिती मिळू शकत असताना न विचारणं यातल्या कशात बसवायचं, ते तुम्हीच सांगा.

दुसऱ्या टोकाच्या मैत्रिणी तर हे कळल्यावर इम्प्लांटच नको म्हणून मोकळ्या होतात. "या वयात कशाला, भात-आमटी खाईन." घरच्यांनाही ते सोयीचंच पडतं, खर्च वाचतो! सासऱ्यांच्या दातांना पैसे निघतात, सासूबाईंच्या वेळी अपरिग्रह आठवतो. एकाशन करणाऱ्या बाईला एकाच बैठकीत जेवायचं असतं. दाढा नसतील तर ती अर्धी भाकरी चघळत बसते आणि अर्ध्या पोटी उठते. हे तप नव्हे.

म्हणून खुर्चीत बसण्याआधी विचारा. मला ग्राफ्टची गरज आहे का? हाड पुरेसं असेल तर तो लागतच नाही. लागणार असेल तर सिंथेटिक चालेल का? कॅल्शियम फॉस्फेटपासून केलेल्या पुडी मिळतात. थोडंच लागत असेल तर स्वतःच्याच जबड्यातलं हाडही घेता येतं. पडदाही सिंथेटिक मिळतो, टाक्यांना नायलॉन किंवा विरघळणारा सिंथेटिक दोरा मिळतो. प्रत्येकीच्या जबड्याला सगळं जमेलच असं नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण ठरवण्याआधी त्यांना आपला नियम माहीत हवा. पाकीट दाखवायला सांगा. त्यावर बोव्हाइन म्हणजे गाई-बैलाचं, पोर्साइन म्हणजे डुकराचं. हे दोन शब्द आधार कार्डाच्या मागे लिहून ठेवा, हवं तर.

आणि आपल्या समाजात दातांचे डॉक्टर काय कमी आहेत? प्रत्येक गल्लीत एक पाटी आहे. दशलक्षण पर्वात त्यांचे सत्कार आपणच करतो. यंदा शाल-श्रीफळ देताना एवढं मागूया: दवाखान्यात ग्राफ्ट, पडदा, स्पंज आणि दोरा कशाचा वापरतात, याचा मराठीत लिहिलेला एक कागद भिंतीवर लावा. कोणते डॉक्टर लावतात आणि कोणते विषय बदलतात, ते मला कळवा.