कोरमपुरती माणसं

‘कोरमअभावी ग्रामसभा तहकूब’ ही बातमी जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर अधूनमधून येतच असते, फक्त गावाचं नाव बदलतं. खरं तर कायदा फार मोठी गर्दी मागत नाही. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढी पुरते. म्हणजे तीन हजार मतदारांच्या गावातही शंभर डोकी आली की सभा चालू. तेवढीही येत नाहीत, सभा पुढे ढकलली जाते, आणि तहकूब सभेला मग कोरमची अटच उरत नाही. ज्या सरपंचाला प्रश्न नको असतात त्याला पहिली सभा ओस पडलेली बरीच वाटते. दुसऱ्या सभेला पंधरा-वीस जण, त्यातले निम्मे भावकीतले. ठराव सर्वानुमते मंजूर.

यावर चर्चा निघाली की दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक म्हणजे लोक उदासीन झाले, त्यांना मोबाइल आणि मालिका पुरे. दुसरं म्हणजे लोक तयारच आहेत, पुढाऱ्यांनी त्यांना बाहेर ठेवलंय. पहिलं मत हरलेल्या कार्यकर्त्याचं असतं, दुसरं जिंकायला निघालेल्याचं. मला दोन्ही अपुरी वाटतात. संध्याकाळचे दोन तास द्यायचे की नाही हे माणूस फार रोकड्या हिशेबानं ठरवतो. मी गेलो तर काय बदलेल, नाही गेलो तर काय अडेल? या हिशेबाचं उत्तर ‘काहीच नाही’ असं येत असेल, तर घरी बसणाऱ्याला उदासीन म्हणणं अन्यायाचं आहे.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा ‘आडवी बाटली’च्या मतदानात आहे. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी दारूचं दुकान बंद करण्याची लेखी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. दुकान बंद करायचं तर यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. झालेल्या मतदानाच्या निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्या. लग्न होऊन गेलेली पण नाव न कमी झालेली लेक, वारलेली आजी, ऊसतोडीला गेलेली सून या सगळ्या आपोआप दुकानाच्या बाजूनं मोजल्या जातात.

इतक्या कडक अटीखाली बायकांनी अनेक ठिकाणी दुकानं बंद केली आहेत, आणि त्यासाठी लागतं ते शुद्ध संघटन. मतदार यादी हातात घेऊन घर ना घर फिरणं आलं. कोण कुणाच्या शब्दातली आहे, कुणाच्या नवऱ्याची उधारी त्याच दुकानात आहे, हे माहीत असणं आलं. सही उघड असते. दुकानदार त्याच आळीत राहतो, त्याची माणसं संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात. पडताळणीच्या दिवशी ‘ही सही माझी नाही’ म्हणायला लावणारे घरातच असतात. तरीही एरवी ग्रामसभेला चुकूनही न येणारी बाई त्या दिवशी रांगेत उभी राहते. प्रश्न एकच, दिवस ठरलेला आणि तिच्या मताविना निकाल लागणार नाही हे तिला पक्कं ठाऊक असतं.

पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दुकान बंद झालं की गट विरतो. महिन्याभरात टपरीमागे चोरून विक्री सुरू होते, आणि तिच्याविरुद्ध मतदान घेता येत नाही, रोज उठून पोलीस ठाण्यात जावं लागतं. त्या रोजच्या कामाला रांग लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात महिलांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठली. ती उठवावी की नाही यावर मतभेद प्रामाणिक असू शकतात. पण बंदी आणणारी माणसं नंतरच्या अंमलबजावणीत कुठे बसली असती याची जागा कुणी आखलीच नव्हती असं मला वाटतं. एका प्रश्नावर माणसं जोडणं अवघड असतं, तो सुटल्यावर ती टिकवणं त्याहून अवघड.

टिकलेलं उदाहरण हवं असेल तर गडचिरोलीतलं मेंढा-लेखा पुढे येतं. धानोरा तालुक्यातलं हे जेमतेम शंभरेक घरांचं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. या प्रयोगामागच्या दोघांपैकी देवाजी तोफा गावातले, मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमती होईपर्यंत थांबायचं. त्याच्याइतकीच महत्त्वाची, पण कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे तिथला अभ्यासगट. त्यात चर्चा होते, माहिती काढली जाते, निर्णय मात्र होत नाही. बोलून पाहण्याची जागा वेगळी आणि ठरवण्याची वेगळी, त्यामुळे सभेत येणारा माणूस कोऱ्या मनानं येत नाही आणि बोलका माणूस सभा खिशात घालू शकत नाही.

मेंढ्याचं कौतुक करणारे बहुतेक जण तिथे थांबतात. गाव लहान आहे, जवळपास एका समाजाचं आहे, आणि सभेच्या हातात बांबूसारखं विकता येणारं धन आहे. मराठवाड्यातल्या पाच हजार वस्तीच्या, सहा जातींच्या गावाला ‘तुम्हीही सहमतीनं चाला’ असं सांगणं सोपं आहे. तिथे सहमती म्हणजे पुष्कळदा पाटलाच्या वाड्यावर आदल्या रात्री ठरलेलं असतं. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ग्रामगौरवाची जी झडती घेतली, ती अजून शिळी झालेली नाही. गाव हे संकुचितपणाचं आणि जातीयतेचं आगर आहे, हा त्यांचा रोख होता. सभा कुठल्या देवळासमोर भरते, तिथे दलित वस्तीतली माणसं पुढे बसतात की कडेला उभी राहतात, हे पाहिल्याशिवाय ‘लोकसहभाग’ हा शब्द वापरू नये. वरून आलेला कायदा, राखीव जागा, जिल्हाधिकाऱ्याकडे दाद मागण्याची सोय या गोष्टी स्थानिक सत्तेच्या आड येतात अशी तक्रार असते. पुष्कळांच्या बाबतीत त्यांच्यामुळेच सभेचा दरवाजा उघडा राहतो.

शहरात जात निराळा वेश घेते. मुंबईत १९९७ च्या सुमारास महापालिकेनं गल्लीगल्लीत नागरिकांचे एएलएम (अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) गट सुरू केले. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचरा वेगळा करण्याचं काम करून दाखवलं होतं, त्यावरून ही कल्पना फोफावली. चांगलं काम झालं. निवृत्त बँक अधिकारी, गृहिणी, एखादे डॉक्टर असे कधी मोर्चात न गेलेले लोक वॉर्ड ऑफिसात जाऊन अभियंत्याला जाब विचारू लागले. पण या गटांच्या मागण्यांत फेरीवाले हटवा, झोपड्या हटवा ही कलमंही लवकरच आली. ज्यांना हटवायचं ते त्याच वॉर्डाचे मतदार, आणि बैठकीला मात्र त्यांना बोलावणं नाही. २००७ मध्ये जुहूतून अॅडॉल्फ डिसूझा पक्षाविना, ‘नागरिकांचा उमेदवार’ म्हणून निवडून आले तेव्हा वाटलं होतं की हा प्रयोग मुंबईभर पसरेल. तसं घडलं नाही.

का नाही, याचं उत्तर मला शिवसेनेच्या शाखेत सापडतं. तिच्या राजकारणाविषयी माझी मतं काहीही असोत, शाखा नावाची गोष्ट कामाची होती. शाळेचा प्रवेश, रेशनकार्ड, रात्री दोनला रुग्णवाहिका, नळाला पाणी नाही म्हणून भांडण यातलं काहीही घेऊन माणूस तिथे जाऊ शकत होता, आणि तिथे कुणीतरी बसलेलं असे. नोकरी नसलेल्या तरुणाला शाखेनं ओळख दिली. नागरिकांच्या गटाला शाखेची ही बैठक कधी जमली नाही, कारण त्याचे सभासद सोयीनं येणारे, आणि ज्याला रात्री दोनला गरज पडते तो माणूस त्यांच्या ओळखीतलाच नसतो. मात्र शाखेनं मदतीची किंमतही घेतली. ज्यानं रेशनकार्ड काढून दिलं त्यानं बोलावलं की मोर्चात जायचं, दगड कुणावर पडतोय हे विचारायचं नाही. तिथे माणूस कार्यकर्ता होतो, पण ठरवणाऱ्यांत त्याला जागा नसते. आज बहुतेक पक्षांची स्थानिक कार्यालयं या नमुन्याची फिकट नक्कल आहेत. मदत कमी, फलक जास्त.

म्हणून ‘पक्ष वाईट, नागरिक गट चांगला’ ही वाटणी मला पटत नाही. मृणाल गोरे समाजवादी पक्षाच्या होत्या आणि ते लपवत नव्हत्या. गोरेगावच्या पाण्यासाठी त्यांनी हंडे घेतलेल्या बायकांना रस्त्यावर आणलं, १९६१ मध्ये महापालिकेत गेल्या, आणि ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनी दिलं. १९७२ नंतर महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत त्यांच्यासोबत कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर होत्या. दोघींच्या पक्षांचं आपसात फारसं जमत नव्हतं. लाटणं हातात घेऊन आलेल्या गिरगावच्या गृहिणीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिला तेल, रवा, साखर, रॉकेल हवं होतं. ‘आम्ही राजकारणात पडत नाही’ असं अभिमानानं सांगणाऱ्या आजच्या गृहनिर्माण सोसायट्यांनी हे लक्षात घ्यावं. पाण्याची वेळ कोण ठरवतं हा प्रश्न राजकारणाचाच असतो. पक्षाचा सदस्य गटात असू नये हा नियम मला भित्रा वाटतो. तो कुठल्या पक्षाचा हे सगळ्यांना माहीत असावं, एवढं पुरे.

भिवंडीचा अनुभव तिसऱ्याच वाटेचा आहे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. नेहमीच्या पुढाऱ्यांऐवजी साध्या हिंदू-मुस्लिम रहिवाशांना एकत्र बसवण्यावर भर होता. विषय साधे होते, गटार, भांडण, अफवा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. ओळख आधीपासून असेल तरच ती संकटात उपयोगी पडते, हे तिथे दिसलं. तरी ज्या समितीचं बोलावणं पोलीस ठाण्यातून येतं तिच्यात पोलिसांविरुद्धची तक्रार कोण मांडणार, ही शंका मला सोडत नाही.

गोव्यात ग्रामसभा रविवारी भरतात, आणि ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट क्षुल्लक नाही. नोकरदार, मच्छीमार, घरकाम करणारी बाई असे सगळे येऊ शकतात. २००६-०७ मध्ये प्रादेशिक आराखड्याविरुद्ध आणि नंतर विशेष आर्थिक क्षेत्रांविरुद्ध गावोगावच्या सभा गाजल्या. २००७ च्या सुरुवातीला सरकारनं आराखडा मागे घेतला, वर्ष संपता संपता आर्थिक क्षेत्रंही. तिथल्या उद्योजकांची तक्रार अशी, की ग्रामसभांना ‘नको’ म्हणण्याची सवय लागली आहे. तक्रारीत तथ्य नाही असं नाही. ‘नको’ला हात वर करणं सोपं असतं, आणि ठरवण्याचा अधिकार नसलेली सभा दुसरं काय म्हणणार? विचारविनिमय करायचा तर पर्याय सभेपुढे ठेवावे लागतात, पैसे किती आहेत हे सांगावं लागतं.

इथे महाराष्ट्राच्या शहरांचं दुखणं येतं. शहरांच्या स्वशासनासाठीची ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. २००९ मध्ये केंद्राच्या निधीची अट म्हणून राज्यानं क्षेत्रसभांची तरतूद केली. काही मतदान केंद्रांच्या परिसराची मिळून एक सभा, अध्यक्षपद नगरसेवकाकडे. कागदावर शहरी ग्रामसभाच. प्रत्यक्षात तुमची क्षेत्रसभा कुठली हे शंभरातल्या एकालाही सांगता येणार नाही. कुठल्याच पक्षाला ती नको होती, कारण वॉर्डातली मध्यस्थी हेच नगरसेवकाचं भांडवल. मार्च २०२२ नंतर तर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबईत नगरसेवकही नव्हते, प्रशासकच कारभार पाहत होते. तेव्हाही कुणी क्षेत्रसभेसाठी रस्त्यावर आलं नाही. जे कधी मिळालंच नाही ते गेल्याचं दुःख कुणाला होणार?

माझा कौल अधिकार देण्याच्या बाजूनं आहे, आणि अधिकार लहान असला तरी चालेल. पुण्यात २००६ पासून नागरिक अंदाजपत्रकात कामं सुचवतात. बाक, दिवे, पदपथ. सुचवण्याऐवजी एका क्षेत्रसभेला वर्षाला ठरावीक रक्कम स्वतः वाटायला द्यावी, आणि मतदानाचा दिवस रविवार ठेवावा. त्यात चुका होतील, पहिल्या वर्षी पैसा एखाद्या कमानीवर जाईल, दबंग लोक सभा ताब्यात घेतील. त्यासाठी महिलांची वेगळी सभा आधी घेणं हा ग्रामसभेचा नियम शहरातही आणावा, आणि झोपडवस्तीची मतदान केंद्रं वगळून सभा बनवता येणार नाही असं स्पष्ट लिहावं. तहकूब सभेची पळवाटही बंद करावी. कोरम नसेल तर पैशाचा ठराव होणार नाही, मग सरपंच आणि नगरसेवकच लोकांना बोलवायला दारोदार फिरतील. एका मुद्द्यावर मात्र माझं मत अजून पक्कं नाही. अध्यक्ष नगरसेवकच असला तर सभा त्याची होते, आणि तो नसला तर तो तिला मोडायला बसतो. मला वाटतं, सभेनं दर वर्षी आपल्यातून अध्यक्ष निवडावा आणि नगरसेवकानं समोरच्या खुर्चीत बसून उत्तरं द्यावीत. तो येणार नाही असं म्हणणाऱ्यांचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त असेल, पण जिथे रक्कम ठरणार आहे तिथून तो फार काळ दूर राहील असं मला वाटत नाही.